जुन्नरच्या डोंगरांतील दात्यांची नावे

महाराष्ट्रातील एखाद्या लेण्याच्या पायथ्याशी उभे राहून ते कोणी कोरले असे विचारले, तर पांडवांनी एका रात्रीत कोरले, हे उत्तर आजही ऐकावयास मिळते. या उत्तरात श्रद्धा असेल, परंतु इतिहास नाही. जुन्नर परिसरात मात्र या प्रश्नाचे उत्तर खुद्द पाषाणावरच लिहिलेले आहे.

जुन्नरभोवतीच्या मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. सातवाहनकाळी घाटमाथ्यावरील माल येथून नाणेघाटाच्या वाटेने कल्याण व सोपारा या बंदरांकडे जात असे. त्या घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. त्यात वैदिक यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची मोठी यादी आहे. तोच मार्ग चढून जुन्नरला आल्यावर मात्र निराळेच जग समोर येते.

येथील लेखांत दान देणारा समाज बोलतो. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली. इरिल या यवनाने दोन पोढ्या दिल्या, तर चिट या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानेही पोढी व मंडप दिला. त्याच्या लेखातील ४६ हे वर्ष शक संवताचे मानल्यास तो इ.स. १२४ चा ठरतो. राजाचा अमात्य, व्यापारी आणि परदेशातून आलेला यवन हे सर्व येथे एकाच शब्दाने जोडले गेले आहेत. तो शब्द म्हणजे ‘देयधम’, अर्थात धर्मदान.

या लेखांत परिसराची भूमीही नोंदलेली आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाच्या लेखात वडालिका येथील करंजांशी निगडित २० निवर्तने आणि कटपुतक येथील वडांशी निगडित ९ निवर्तने जमिनीचा उल्लेख आहे. बांबूचे काम करणारे आणि काशाची भांडी घडविणारे यांच्या श्रेणीही येथील लेखांत भेटतात. ज्यांच्या हातांना पुढील काळातील ग्रंथांनी हीन लेखले, त्या कारागिरांची नोंद धम्माच्या या पाषाणांनी जपून ठेवली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ही नावे वाचली जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे, तरीही ती लोकांच्या ओठी आलेली नाहीत. लेण्याद्रीच्या मोठ्या विहारात आज गणपतीचे देवस्थान आहे, आणि मानमोडीच्या एका लेणीसमूहास भीमाशंकर म्हणतात. कोणाच्या श्रद्धेशी आम्हांस वाद घालावयाचा नाही. परंतु नाव बदलले की मूळ दात्याचे स्मरण पुसले जाते, हे सत्य सांगणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

हे कर्तव्य आपल्यावरही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला धम्माच्या मार्गावर आणले. लेण्यांवर जाऊन वंदना घ्यावी हे योग्यच, पण तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक विहारातून ब्राह्मीचे वर्ग चालावेत आणि मुलांनी सुलसदत्ताचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. पाषाणावर आपले नाव खरडणारा हात थांबवावा, मग तो हात आपल्याच बांधवाचा का असेना. ‘लेण’ हा त्या शिलालेखांतला शब्द आपण आजही बोलतो. ज्यांच्या तोंडी तो शब्द टिकून राहिला, त्यांनी तो लेख वाचावयास शिकावा, हीच त्या दात्यांप्रती खरी कृतज्ञता होय.