राखलेला बोकड

शेळी व्याली की तुळजापूर-कळंबकडच्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाटी किती, बोकड किती? पाट घरात राहते. बोकड वर्ष-दीड वर्षात बाजार, जत्रा किंवा बकरी ईद गाठतो. त्यातला एखादाच कळपासाठी मागे ठेवला जातो. तो कोणता, हे आजवर ठरवलं ते प्रामुख्याने भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबांनी, त्यातही बायकांनी. बहुतांशी काळ्या अंगाची, लोंबत्या कानांची उस्मानाबादी शेळी ही त्यांच्या या निवडीची कमाई आहे.

ही निवड शेळीपालनाइतकीच जुनी आहे. इराणच्या झाग्रोस डोंगररांगेत गंज दरेह नावाचं ठिकाण आहे. तिथल्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या शेळ्यांच्या हाडांचा अभ्यास मेलिंडा झेडर आणि ब्रायन हेस यांनी २००० साली मांडला. बहुतेक नर कोवळ्या वयात कापलेले आणि माद्या मात्र पुढे बरीच वर्षं जगलेल्या, असं त्यांना आढळलं. शिकारी मोठा नर टिपतो. कोवळे नर काढून माद्या राखतो तो पाळणारा. माणसाने शेळी पाळल्याचा हा एक भक्कम पुरावा मानला जातो.

शेवटच्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद झालेला तुळजापूर-कळंबचा हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला, २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. शेळीच्या जातीचं नाव मात्र उस्मानाबादीच राहिलं. लातूर, उदगीर आणि तुळजापूर हा तिचा मूळ पट्टा. बालाघाटच्या या बेभरवशाच्या पावसाच्या मुलखात चारा संपला की गाय-बैल विकावे लागत. शेळी बाभळीच्या शेंगा आणि बोरीच्या पाल्यावर तग धरी, वर दोन वर्षांत तीन वेतं देई.

शेळीवर तगणाऱ्या अशा घरात बोकडाचा स्वभाव हा जगण्याचाच प्रश्न होता. शेळ्या गायरानात नेतात म्हातारी माणसं नाहीतर शाळकरी पोरं. तिथं मारका बोकड परवडत नाही. पाठीमागून ढुशी देणारा, दोर धरणाऱ्यावर उलटणारा बोकड कितीही थोराड असला तरी आधी विकला जातो. पण अगदी बुजराही चालत नाही. माजावर आलेली शेळी जवळ असताना जो मान खाली घालून पाला चघळत बसतो, त्याच्यावर कळप सोपवला तर शेळ्या रिकाम्या राहतात. 

पारख अशी चालते. बोकडाला शेळ्यांत सोडायचं आणि लांबून बघायचं. तो शेळीचं मूत हुंगतो, मान वर करून वरचा ओठ दुमडतो आणि क्षणभर स्तब्ध उभा राहतो. माज ओळखण्याची ही त्याची रीत. मग त्याला धरायचं : दोन्ही अंड सारखे आहेत का, मागचे पाय सरळ आहेत का, दात किती आले. धरल्यावर थोडी धडपड करून जो शांत होतो, तो ‘गरीब’. शेवटी आई बघायची : तिला जुळी होतात का, दूध किती देते. बाकीचे बोकड पूर्वी बडवून खच्ची करत. पुढे जनावरांच्या दवाखान्यात त्यासाठी बर्डिझोचा चिमटा आला.

स्वभाव पिढीजात उतरतो, हा पाळणाऱ्यांचा अनुभव विज्ञानानेही पडताळला आहे. १९५९ पासून सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी नोव्होसिबिर्स्कला फक्त माणसाला न बिचकणारे कोल्हे निवडून त्यांची पैदास केली. थोड्याच पिढ्यांत ते माणसाला पाहून शेपूट हलवू लागले.

अशा निवडलेल्या एका बोकडावर किती अवलंबून असतं ते बघा. सरकारी योजनेत दहा शेळ्यांमागे एक बोकड दिला जातो. गावात साधारण पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. म्हणजे वर्षाकाठी जन्मणाऱ्या पन्नासेक करडांचा बाप एकच.

धोका इथेच आहे. जो बोकड झपाट्याने वाढतो त्याला चांगला भाव येतो, म्हणून तोच आधी विकला जातो. मागे उरलेला खुरटा कळपाचा बाप होतो. जातीची ताकद अशीच एकेका पिढीत उतरत जाते. म्हणून शेळीपालकांनी आणि बचत गटांनी ईदच्या बाजाराआधीच जुळ्यातला सर्वांत सरस, शांत पण चपळ बोकड बाजूला काढावा, त्याच्या खुराकाचा खर्च वाटून घ्यावा आणि त्याच्याच पाटींशी पैदास होऊ नये म्हणून दर दोन वर्षांनी तो शेजारच्या गावाशी बदलून घ्यावा.