घडीच्या अवकाश संरचना

प्रक्षेपणाच्या वेळी घडी करून ठेवलेल्या व अवकाशात पोहोचल्यावर उलगडणाऱ्या संरचना. सौर घटांचे फलक, आकाशक (अँटेना) व दूरदर्शकांचे आरसे हे अग्निबाणाच्या शिरोभागात मावणार नाहीत इतके मोठे असावे लागतात. म्हणून त्यांची घडी करावी लागते. खरी अडचण उलगडण्याची असते. ही क्रिया एकदाच, निर्वातात आणि बहुधा माणसाच्या हाताबाहेर घडते.

स्कायलॅब या अमेरिकन अवकाशस्थानकाच्या प्रक्षेपणात (१४ मे १९७३) उल्काभ-ढाल फाटून एक सौर पंख तुटला व दुसरा धातूच्या पट्टीत अडकला. चार्ल्स कॉनरॅड व जोसेफ कर्विन यांनी ७ जून रोजी स्थानकाबाहेर जाऊन ती पट्टी कापली. भूस्थिर कक्षेतील इन्सॅट-१ए या भारतीय उपग्रहाला (१९८२) अशी मदत मिळणे शक्य नव्हते. एकाच बाजूच्या सौर फलकावर पडणारा प्रकाशदाब तोलण्यासाठी योजलेले त्याचे सौर शीड उलगडलेच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंधन संपून उपग्रह निकामी झाला.

सर्वांत बोधप्रद उदाहरण गॅलिलिओ यानाचे होय. त्याचा ४·८ मी. व्यासाचा मुख्य आकाशक १८ काड्यांच्या छत्रीसारखा होता. चॅलेंजर दुर्घटनेमुळे (१९८६) मोहीम लांबली आणि यान मालमोटारीने कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा यांच्या दरम्यान पुन्हा नेआण करावे लागले. या हादऱ्यांनी काड्यांच्या खुंट्यांवरील कोरडे वंगण झिजले असावे, असा निष्कर्ष पुढे निघाला. एप्रिल १९९१ मध्ये छत्री उघडण्याची आज्ञा दिली, तेव्हा काही काड्या मधल्या दांड्याला चिकटून राहिल्या. आकाशक आळीपाळीने तापवून व थंड करून पाहिला. मोटर वारंवार ठोकून चालविली. उपयोग झाला नाही. अखेर लहान आकाशक व माहिती संक्षिप्त करणाऱ्या नव्या आज्ञावल्या यांवर गुरूची मोहीम पार पडली.

दरम्यान जपानमध्ये कोर्यो मिउरा यांनी नागमोडी चुण्यांची घडी शोधून काढली होती. तिचे समोरासमोरचे कोपरे ओढताच संपूर्ण पृष्ठ दोन्ही दिशांनी एकदम पसरते व सुटे भाग थोडे लागतात. १९९५ मध्ये सोडलेल्या स्पेस फ्लायर युनिट या यानावर तिचा प्रयोग झाला. जेम्स वेब दूरदर्शकाचा (२५ डिसेंबर २०२१) मार्ग मात्र वेगळा होता. पाच पदरी, सुमारे २१ मी. लांब व १४ मी. रुंद अशी त्याची सौरढाल सोडविण्यासाठी १०७ यंत्रणा होत्या आणि त्यांपैकी प्रत्येक चालणे आवश्यक होते. सर्व चालल्या. ढालीचे पदर ४ जानेवारी २०२२ रोजी ताणले गेले. चार दिवसांनी ६·५ मी. आरशाची शेवटची बाजू जागी बसली.