भिंतीवरचं नाव : खोडी कुठं संपते आणि गुन्हा कुठं सुरू होतो?

भिंतीवर, दगडावर, शाळेच्या बाकावर आपलं नाव लिहून ठेवायची माणसाला फार जुनी हौस आहे. ही हौस खोडी केव्हा असते आणि गुन्हा केव्हा होतो, हा आजचा प्रश्न. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या खानदेशात आणि त्याच्या वेशीवर पुरेशी उदाहरणं आहेत.

पहिलं अजिंठ्याचं. जळगावहून साठेक किलोमीटर, जिल्हा मात्र पलीकडचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे गेला; अजिंठा निजामाच्या मुलखात होता. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ ला, जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळाचा अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या त्या घळीत आला. दहाव्या लेण्यात शिरला आणि एका रंगवलेल्या आकृतीच्या अंगावरच त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढिगारा साचलेला होता. त्यावर उभं राहून कोरल्यामुळे ते नाव आज आपल्या डोक्याच्या बरंच वर दिसतं.

यात एवढं काय बिघडलं, असं कोणी विचारेल. तर ते चित्र कसं बनलंय ते बघा. खडबडीत कातळावर माती, भुसा, गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि त्या सुक्या थरावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. टोकदार वस्तूची एक रेघ ओढली की रंग गेला. पुसून परत येईल असं तिथं काही नाही. नक्कल करून ठेवू म्हणावं, तर तेही सोपं नव्हतं. रॉबर्ट गिलनं १८४४ पासून वर्षानुवर्षं केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा काम केलं. त्यातल्याही बऱ्याच प्रती १८८५ च्या आगीत जळाल्या. म्हणजे मूळ भिंत ती एकच.

आता गंमत बघा. त्याच दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर आणखी एक नाव कोरलेलं आहे : वासिठीपुत कटहादि. ब्राह्मी लिपी, इसवी सनापूर्वीचं. त्याला आपण खोडी म्हणत नाही, शिलालेख म्हणतो. का? फक्त जुना आहे म्हणून? नाही. लेण्याचा दर्शनी भाग आपण दान दिला, असं त्यात म्हटलंय. त्यानं दिलं आणि दिलेल्यावर नाव घातलं. स्मिथनं दुसऱ्यांनी दिलेल्यावर नाव घातलं.

चाळीसगावजवळच्या पाटणचा लेखही असाच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं मठ काढला. शके ११२८ च्या त्या लेखात मठाला मिळालेली दानं नोंदली आहेत, शेवटचा भाग तर मराठीत आहे. लिहिण्याचा अधिकार होता, आणि लिहिल्यानं काही नष्ट झालं नाही.

मग अधिकार नसेल तर प्रत्येक लिखाण वाईट का? इथं १९४२ आठवा. ‘चले जाव’च्या घोषणा गावोगावच्या भिंतींवर रंगल्या. सरकारच्या लेखी तो गुन्हाच होता. त्याच साली ९ सप्टेंबरला, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारला, गोळीबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. ज्या राजवटीत मिरवणुकीवर गोळी चालत होती, तिथं भिंतीवर लिहायलासुद्धा छाती लागत होती. भिंतीचं मात्र काय गेलं? चुन्याचा एक हात मारला की भिंत होती तशी.

म्हणजे कायदा आणि नुकसान दर वेळी हातात हात घालून चालत नाहीत. आजचंच घ्या. राज्याच्या १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात शाई, रंग यांच्या जोडीला खडूही येतो. पोरांनी भिंतीवर खडूनं क्रिकेटचे स्टंप काढले, तर पुस्तकी अर्थानं तेही बसेल. पण शहाणा माणूस पोरांच्या हातात ओलं फडकं देईल आणि विषय संपवेल. संरक्षित स्मारकांची गोष्ट वेगळी. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात आधी तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता. २०१० च्या दुरुस्तीनं तो दोन वर्षं किंवा एक लाख, अथवा दोन्ही, इथवर गेला.

तेव्हा माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. भिंत कुणाची? लिहिल्याखाली काय दडपलं? आणि ते परत येईल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती खोडी राहत नाही, मग लिहिणारा सोळा वर्षांचा असो की फौजेतला साहेब.

शेवटी एक आक्षेप. स्मिथची ती ओळ आज स्वतःच इतिहासाचा पुरावा झालीय. अजिंठा पुन्हा उजेडात आल्याची तारीख आपण तिच्यावरून सांगतो. खरंय. इतिहासकाराला गुन्हेगाराची साक्षही चालते. पण साक्ष उपयोगी पडली म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. शिवाय तारीख नोंदवायला त्याच्याकडे कागद असणारच. किल्ल्यावर, लेण्यात बदामात दोन नावं कोरणाऱ्या आपल्या पोरांच्या खिशात तर कॅमेरा असतो. त्यांना ओरडण्याआधी हे स्मिथसाहेबाचं नाव दाखवा आणि त्याखाली काय होतं ते विचारा. ते आता कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न असतील तर घेऊ.