'कडू' घोटाचा इतिहास : लंडन, मुंबई आणि एक चिवट दंतकथा

१/
कोल्हापूरचे नाव काढले की जिभेला आठवतो तो तिखट रस : तांबडा रस्सा, कांदा-लसूण मसाला, लवंगी मिरची. कडू रसाला मात्र मराठी ताटात कडेची जागा. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, एरवी कारले नाहीतर मेथी. इंग्लंडने मात्र याच रसाचे नाव आपल्या लाडक्या पेयाला दिले. ते पेय म्हणजे 'बिटर'. शब्दशः 'कडू'.

२/
रसांची नावे स्थिर नसतात. आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटु' म्हणजे मिरीसारखा झणझणीत रस. कडुनिंबाचा रस तो 'तिक्त'. त्या 'कटु'चा वंशज असलेला मराठी 'कडू' शब्द मात्र कडुनिंबाकडे गेला आणि कोल्हापुरी रश्श्यासाठी 'तिखट' हा वेगळा शब्द रुजला. 'बिटर' या नावामागेही असाच एक प्रवास आहे. त्या प्रवासाच्या वाटेवर मुंबई बंदर लागते.

३/
आधी वस्तू समजून घेऊ. सातूला मोड आणून ते भट्टीत वाळवले की माल्ट तयार होते. ते गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस हॉप नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. हॉपमुळे पेयाला कडवटपणा येतो, सुगंध येतो आणि ते लवकर नासत नाही. माल्ट हलक्या आचेवर वाळवले तर पेयाचा रंग फिका राहतो. हीच 'पेल एल'.

४/
दंतकथा अशी : हिंदुस्थानातील इंग्रजांना बियर हवी होती, पण लांबच्या सागरी प्रवासात ती नासत असे. मग लंडनच्या जॉर्ज हॉजसनने भरपूर हॉप घातलेली, अधिक तीव्र अशी खास बियर शोधून काढली. तिचे नाव 'इंडिया पेल एल'. कथा सुबक आहे. पुरावे तिला साथ देत नाहीत.

५/
हॉजसनने नवे पेय 'शोधले' असे सांगणारी समकालीन नोंद मिळत नाही. फिकी एल त्याच्या आधीपासून गाळली जात होती आणि उष्ण देशांत जाणाऱ्या बियरमध्ये हॉप जास्त घालावेत, हे इंग्लंडमधील व्यावसायिकांना ठाऊक होते. १७८४ मध्ये कलकत्त्याच्या वृत्तपत्रात पेल एलची जाहिरात आहे. तिच्याच जोडीला काळसर 'पोर्टर'ही विक्रीला आहे. म्हणजे पोर्टरही हा प्रवास सुखरूप करत होती. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द छापील स्वरूपात भेटतात ते १८२९ मध्ये, तेही ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या एका जाहिरातीत.

६/
मग हॉजसन यशस्वी का झाला? कारण साधे, व्यापारी होते. त्याची ब्रुअरी पूर्व लंडनच्या बो भागात होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच्याच ब्लॅकवॉल येथे नांगरत. जहाजांच्या कप्तानांना खासगी व्यापाराची मुभा असे. हॉजसन त्यांना माल उधारीवर देई. हिंदुस्थानाकडे येताना जहाजात जागा रिकामी असे, त्यामुळे भाडेही कमी. त्याचे यश घडवले ते भूगोलाने आणि उधारीच्या वहीने.

७/
आफ्रिकेला वळसा घालून मुंबई किंवा कलकत्ता गाठायला चार ते सहा महिने लागत. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. हेलकावे आणि उष्णता यांमुळे पिंपातली एल झपाट्याने मुरत असे. इंग्लंडच्या तळघरात जे मुरणे दीर्घकाळ चालले असते, ते वाटेतच उरकत असे. प्रवासाने एल बिघडण्याऐवजी सुधारत असे, एवढा अंश दंतकथेत खरा आहे.

८/
ही एल पीत कोण होते? प्रामुख्याने अधिकारी, मुलकी नोकर आणि व्यापारी. छावण्यांतील गोऱ्या शिपायांसाठी मोठ्या प्रमाणावर येई ती पोर्टर. एकाच सरकारच्या छत्राखाली पेल्याचा रंग दर्जाप्रमाणे बदलत होता. साहेबाचा पेला गार ठेवणे हे 'आबदारा'चे काम. तो सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवून त्या थंड करी. १८३४ मध्ये अमेरिकेतील बर्फ जहाजाने मुंबईत आला, आणि ही जुनी कला हळूहळू मागे पडली.

९/
१८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसांनी मध्यस्थांना डावलून सारा नफा आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी मग बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला या बाजारात उतरण्याचा सल्ला दिला. रशियाच्या नव्या जकातीमुळे बर्टनचा जुना व्यापार नुकताच कोलमडला होता. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत तयार केला, असे सांगतात.

१०/
बर्टनच्या भूगर्भातील पाण्यात जिप्सम भरपूर. या पाण्यात हॉपचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा आणि ठसठशीत उतरतो. ऑलसॉप आणि त्यामागोमाग बास या ब्रुअरीने हॉजसनला मागे टाकले. बासचा लाल त्रिकोण १८७६ मध्ये ब्रिटनचे पहिले नोंदणीकृत व्यापारचिन्ह ठरला.

११/
१८३९ मध्ये बर्टनला रेल्वे पोचली आणि हिंदुस्थानासाठी नावाजलेली ही एल इंग्लंडच्या गावोगावी जाऊ लागली. ब्रुअरीच्या वहीत ती 'पेल एल' होती. जुन्या, गोडसर एलपेक्षा तिची चव वेगळी, म्हणून गिऱ्हाईक मात्र 'बिटर' मागू लागले. नाव मालकाने दिले नाही, पिणाऱ्यांच्या जिभेने दिले.

१२/
या कथेची दुसरी बाजू कोकणच्या किनाऱ्यावर आहे. आयात बियर हे साहेबाच्या सभ्यतेचे लक्षण मानले जात असताना, १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीवरचे सरकारी नियंत्रण घट्ट केले. झाड छेदायला परवाना आणि झाडामागे कर. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचा पिढीजात धंदा महसुलाचा विषय झाला. एका पेयाला प्रतिष्ठा, दुसऱ्यावर पहारा.

१३/
पुढे काटा उलट फिरला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा नाव बदलून आजही आहे. महाराष्ट्रात बियरसाठी वयाची अट २१ वर्षे आहे आणि पिण्याचा परवाना कागदोपत्री अजूनही लागतो.

१४/
पारंपरिक बिटरची पारख कशी करतात? ती बर्फगार नसते; तळघराच्या तापमानाला, म्हणजे ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. फार गार केली तर वास दबतो आणि कडवटपणा तेवढा बोचतो. आधी रंग पाहायचा : सोनेरी ते तांबूस. मग वास : माल्टचा बिस्किटासारखा, हॉपचा गवताचा, मातीचा, फुलांचा. मग लहान घोट. आरंभी माल्टची गोडी, मध्ये फळांचा भास, आणि गिळल्यानंतर जिभेच्या मागे सावकाश उमटणारा कोरडा कडवटपणा. तोच पुढचा घोट मागतो.

१५/
खरी बिटर पिंपातच दुसऱ्यांदा आंबते आणि हातपंपाने वर ओढली जाते. म्हणून तिच्यात बुडबुडे कमी असतात. ती 'सपाट' लागली तर तो दोष नव्हे. साध्या बिटरमध्ये मद्यार्क साधारण साडेतीन ते चार टक्केच असतो. कारखान्याच्या गॅसभरल्या बियरपुढे ही रीत मरू लागली, तेव्हा ती वाचवण्यासाठी १९७१ मध्ये ग्राहकांनीच 'कॅमरा' ही चळवळ उभारली.

१६/
शेवटचे टोक पुन्हा महाराष्ट्रात. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत कंटाळून जात. त्यांनी गावाच्या नावाचे 'डूलाली' केले. त्याला 'टॅप' जोडला. तो आपल्या 'ताप' शब्दाचाच भाऊबंद. अर्थ झाला : डोके फिरलेला. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने हेच नाव घेतले. जे पेय एकेकाळी पिंपात बंद होऊन समुद्रमार्गे येई, त्याची भावंडे आता इथल्याच पाण्यात मुरतात.

१७/
दंतकथेला एक शोधक लागतो, एक क्षण लागतो. इतिहासात मात्र जहाजाची रिकामी जागा असते, उधारी असते, जकात असते, विहिरीचे पाणी असते आणि माडावर चढणारा, कथेत नाव नसलेला माणूसही असतो. गोड कथा पटकन गळी उतरते. सत्याची चव बिटरसारखी, घोट संपल्यावर कळणारी.

(धागा समाप्त)