नदीत विरघळणाऱ्याचा माग : एका प्रतिमानाचा इतिहास

वाहते पाणी आपले आपणच निर्मळ होते, ही समजूत अनेक संस्कृतींत रुजलेली आहे. नदीत पडलेला पदार्थ विरळ होतो, हे खरेच. परंतु तो किती अंतरावर, किती वेळाने आणि किती प्रमाणात विरळ होतो, हा प्रश्न गणिताच्या कक्षेत यावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. 1855 मध्ये आडोल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसरणाचा नियम मांडला. द्रवातील पदार्थ अधिक संहतीकडून कमी संहतीकडे, संहतीतील उताराच्या प्रमाणात सरकतो, असा त्याचा आशय होता. मात्र तो स्थिर द्रवाचा नियम होता. नदी स्थिर नसते.

पाण्याच्या प्रवासाचा माग घेण्याची गरज प्रथम व्यवहारातून निर्माण झाली. जर्मनीत इमेंडिंगनजवळ डॅन्यूबचे पाणी जमिनीत लुप्त होते. ते आख नदीच्या उगमाशी वर येते काय, हा नदीकाठच्या गिरणीमालकांच्या हितसंबंधांचा प्रश्न होता. भूवैज्ञानिक आडोल्फ क्नोप याने 1877 मध्ये तेथे मीठ व हिरवी झाक देणारे रंगद्रव्य सोडले. सुमारे 60 तासांनी 12 किलोमीटरवरील आखच्या झऱ्यात हिरवे पाणी दिसू लागले. पाणी कोठे जाते हे सिद्ध झाले. त्यातील पदार्थ कसा पसरतो हे सांगणारा सिद्धान्त मात्र अजून दूर होता.

1925 मध्ये स्ट्रीटर व फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून सांडपाण्यामुळे घटणाऱ्या व पुन्हा भरून येणाऱ्या प्राणवायूचे समीकरण दिले. नदीच्या स्वशुद्धीला त्यामुळे अंकांची भाषा लाभली. तथापि या मांडणीत पाणी एकसंध तुकड्यासारखे पुढे जाते असे गृहीत होते. लांबीच्या दिशेने होणारे मिश्रण त्यात नव्हते.

ही उणीव भरून काढणारी वाट केंब्रिजच्या जी. आय. टेलर यांनी दाखविली. 1953 मध्ये त्यांनी अरुंद नळीतील संथ प्रवाहाचा विचार केला. मध्यभागी पाणी वेगाने जाते, कडेला मंद. म्हणून विरघळलेला पदार्थ लांबवर ताणला जातो. आडव्या दिशेचे विसरण जितके जोमदार, तितका हा ताण कमी, हा त्यांचा निष्कर्ष वरवर विरोधाभासी वाटतो. परंतु प्रत्येक कण जलद आणि मंद अशा दोन्ही पट्ट्यांतून वारंवार फिरत राहिल्यास सर्वांचा सरासरी वेग सारखा होऊ लागतो, हे ध्यानी घेतल्यावर तो उलगडतो. 1959 मध्ये एल्डर यांनी हे तत्त्व खुल्या प्रवाहाला लावले व खोलीनुसार बदलणाऱ्या वेगाचा हिशेब केला. प्रत्यक्ष नद्यांत मात्र पसरण त्याहून कितीतरी जास्त आढळे. ह्यूगो फिशर यांनी 1960 च्या दशकात त्याचे कारण दाखविले : नदी खोल असते त्यापेक्षा पुष्कळ रुंद असते, आणि काठापासून मध्यापर्यंतचा वेगातील फरकच येथे निर्णायक ठरतो.

तरीही निरीक्षणांतील आलेख सिद्धान्ताप्रमाणे सममित येत नसत. त्यांना लांब शेपूट असे. काठचे डोह, शेवाळ व तळाची वाळू पदार्थाला काही काळ अडवून नंतर सोडतात, हे 1983 मध्ये बेनकाला व वॉल्टर्स यांच्या प्रतिमानात अंतर्भूत झाले.

या अभ्यासाचे सामाजिक मोल 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्पष्ट झाले. बाझेलजवळ सँडोझच्या रासायनिक गोदामास आग लागली आणि ती विझविणाऱ्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाईनमध्ये गेली. असंख्य ईल मासे मेले; नदीकाठच्या जलपुरवठा केंद्रांना पाणी घेणे थांबवावे लागले. पुढील वर्षांत ऱ्हाईनसाठी इशारा देणारे प्रतिमान तयार झाले. विषारी लाट केव्हा पोहोचेल, तिची कमाल संहती किती असेल आणि ती केव्हा ओसरेल, हे त्यातून आधी कळू शकते. लाटेचे शिखर ओसरताच पाणी पुन्हा उचलावे, तर मागची शेपूट घरोघरी पोहोचते. म्हणून नदी काय वाहून नेते याइतकेच, ती काय धरून ठेवते हेही खालच्या गावांसाठी महत्त्वाचे ठरते.