हिरवळ आणि हद्द

इंग्रजांच्या खेळांपैकीं क्रिकेट आपल्या आळींतल्या पोरासहि ठाऊक असतें. पण हिरवळीवर गोळे घरंगळत सोडण्याचा 'बोल्स' हा त्याहून पुराणा खेळ आपणांस जवळजवळ अपरिचितच. 'जॅक' नांवाचा लहान गोळा पुढें टाकावयाचा आणि आपला मोठा गोळा त्याच्या शक्य तितका जवळ न्यावयाचा, एवढाच तो खेळ. मात्र मोठा गोळा मुद्दाम एका अंगास कललेला घडवितात. त्यामुळें तो सरळ न जातां वळत जातो.

अशा निरुपद्रवी खेळावर राजसत्तेचा रोष कां व्हावा? तिला तिरंदाज हवे होते, गोळे फेकणारे नव्हेत. १५४१ सालीं आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटानें कायदा केला कीं, कारागीर, मजूर, उमेदवार व नोकर यांनीं नाताळाखेरीज बोल्स खेळूं नये, आणि नाताळांतहि धन्याच्या घरीं किंवा त्याच्या समक्षच खेळावें. सालीना शंभर पौंड उत्पन्नाच्या जमीनदारास मात्र आपल्या हद्दींत मुभा होती. खुद्द हेन्रीच्या व्हाइटहॉल वाड्यांत या खेळाची सोय होतीच! अशा रीतीनें हिरवळ ही खासगी जहागिरीची खूण बनली.

या खुणेचा सर्वांत विलक्षण प्रसंग १६४७ चा. पहिला चार्ल्स तेव्हां पार्लमेंटाचा बंदी म्हणून होल्डनबी येथें होता. खेळाच्या ओढीनें तो घोड्यावर बसून स्पेन्सर घराण्याच्या ऑल्थॉर्प जहागिरीवर जाई. जूनच्या आरंभीं तो तेथें खेळत असतांनाच सैन्याचे स्वार येत असल्याची वार्ता आली. कॉर्नेट जॉइस यानें त्यास ताब्यांत घेऊन होल्डनबीहून नेलें; दीड वर्षानें त्याचा शिरच्छेद झाला. ज्या गादीनें खेळास हद्द घातली, तिच्याच वारसास दुसऱ्याच्या हिरवळीवर पाहुणा व्हावें लागलें, याची आम्हांस मौज वाटते.

हेन्रीचा निर्बंध १८४५ सालीं रद्द झाला. परंतु आमच्या मतें खरें काम त्यापूर्वींच एका यंत्रानें केलें होतें. विळ्याने कापणारे कसबी गडी जहागीरदारासच परवडत. १८३० सालीं एडविन बडिंग यानें लोंकरी कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचें यंत्र काढलें, आणि सपाट हिरवळ साध्या मंडळांच्याहि आवाक्यांत येऊं लागली. पुढें ग्लासगोच्या मिचेल यांनीं नियम लिहिले; १८९२ त स्कॉटलंडची व १९०३ त इंग्लंडची संघटना निघाली. इंग्लंडच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष क्रिकेटचे डॉ. ग्रेस होते.

२०२२ सालीं राष्ट्रकुल सामन्यांत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया व रूपा राणी तिर्की या चौघींनीं भारतास या खेळांतलें पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. ती हिरवळ लेमिंग्टन स्पा गांवच्या सार्वजनिक बागेंतील होती.