रोज धावण्याचा नेम : आरंभ कसा करावा, खंड कधी पाडावा

नववर्षाच्या पहिल्या दिवशी रोज धावण्याचा संकल्प केला जातो आणि संक्रांतीपर्यंत बूट पुन्हा कपाटात जातात, हा अनेक घरांतील अनुभव आहे. संकल्प टिकावा म्हणून जगभरातील हौशी धावपटूंनी एक साधी रीत रूढ केली आहे. अंतर थोडे ठेवायचे. मात्र एकही दिवस चुकवायचा नाही. रोज किमान एक मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर धावणे, हा त्याचा सर्वमान्य नियम. रस्ता, मैदान वा ट्रेडमिल कुठेही धावले तरी चालते. वेगाची अट नाही.

या व्रताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनचे रॉन हिल यांचे. १९७० साली बोस्टन मॅरेथॉन जिंकणाऱ्या हिल यांनी २० डिसेंबर १९६४ पासून एकही दिवस धावणे चुकवले नाही. पायावर शस्त्रक्रिया झाली तेव्हाही त्यांनी कुबड्यांच्या आधारे मैल पूर्ण केला. अखेर जानेवारी २०१७ मध्ये धावताना छातीत वेदना होऊ लागल्यावर त्यांनी ५२ वर्षांचा नेम थांबवला. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

थोडे धावूनही लाभ होतो का? अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीवर आधारित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला पाच ते दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांतही हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळले. अर्थात अशा पाहणीतून केवळ संबंध दिसतो. धावणे हेच कारण असल्याचे सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा.

नवशिक्यांनी मात्र थेट रोजच्या धावण्याला हात घालू नये. काही आठवड्यांत दम टिकू लागतो. पण हाडे व स्नायुबंध त्या मानाने सावकाश बळकट होतात. उत्साहाच्या भरात अंतर वाढवल्यास नडगी, गुडघे व टाचा दुखू लागतात. हाडाला सूक्ष्म तडाही जाऊ शकतो. म्हणूनच १९९६ मध्ये तयार झालेल्या ‘काउच टू फाइव्ह-के’ या नऊ आठवड्यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात आठवड्याला तीनच दिवस धावणे असते. सुरुवातीला एक मिनिट धावणे, मग चालणे, असा क्रम असतो. ज्यांना रोजचा नेम हवाच, त्यांनी मधल्या दिवशी भरभर चालावे. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा.

पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

• मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असल्यास आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

• ताप असताना धावू नये.

• एकाच जागी टोचणारी वेदना दिवसागणिक वाढत असेल, तर विश्रांती घेऊन तपासणी करावी.

• छातीत दुखणे, भोवळ वा असाधारण धाप लागल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

• खंड पडल्यास बुडालेले अंतर भरून काढण्याचा खटाटोप करू नये. पूर्वीच्या निम्म्या अंतरापासून पुन्हा आरंभ करावा.